खिडकीबाहेर लाइफबोट

क्रूझ निवडताना आपल्याला कसा प्रवास आवडतो याचा विचार करत बसू नका. निवांतपणा हवा ना? मग सगळ्यात मोठं जहाज घ्या. २०२४ साली सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' २० मजली आहे, गच्च भरलं की ७,००० हून जास्त प्रवासी. एकांतात चिंतनासाठी लिफ्टची रांग आहेच.

केबिन मात्र नीट निवडा. सगळ्यात स्वस्त आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की पहाटेचे चार की दुपारचे बारा, ते मोबाइललाच विचारायचं. समुद्र दिसायलाच हवा असा हट्ट असेल, तर बाल्कनीवाली घ्या, पण 'देखावा अंशतः अडलेला' असं बारीक अक्षरांत लिहिलेली. पडदा सारलात की समोर नारिंगी लाइफबोट. चार दिवसांत तिच्यावरचा नंबर पाठ होतो. ज्यांना बोट लागते त्यांनी म्हणे खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ राहावं, तिथे हेलकावे कमी बसतात. तुम्ही वरची, पुढच्या टोकाची घ्या. जास्त पैसे मोजायचे आणि हलायचंही नाही? डोक्यावर स्विमिंग पूल आला तर फारच छान, पहाटे खुर्च्या ओढायला लागतात, गजर लावायला नको.

एकटे निघालात? भाडं बहुतेक ठिकाणी दोघांच्या हिशेबानं लावतात, म्हणजे न आलेल्या सोबत्याचंही कधीकधी पुरतं तुम्हीच भरायचं. असू द्या, निदान तो घोरत नाही.

बजेट म्हणजे जाहिरातीतला मोठा आकडा, बस्स. माणशी रोज आपोआप लागणारी टिप, वायफाय, वेगळ्या रेस्टॉरंटचे वेगळे पैसे असल्या चिल्लर गोष्टींवरून घरात वाद नकोत. दारूचं पॅकेज तेवढं घ्याच. अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एका मोठ्या माणसानं घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. बायको नुसता सोडा पिते? मग तो महागातला सोडा. दार ज्या कार्डानं उघडतं त्याच कार्डावर सगळं लिहिलं जातं. खिशातून जाताना दिसत नाहीत, म्हणजे पैसे जातच नाहीत.

अजून स्वस्तात हवं असेल तर सप्टेंबरात कॅरिबियन. १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम धरतात, त्यामुळे ठरलेलं बेट सोडून भलतंच बेट बघायचा योगही येतो.

नकाशावर 'रोम' दिसलं की डोळे मिटून पैसे भरा. जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोम तिथून ७०-८० किलोमीटर. 'पॅरिस'चं बंदर ल हाव्र, पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटर. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या हिमतीवर हिंडणाऱ्यांसाठी नाही. म्हणूनच स्वस्तातली टॅक्सी करा, घड्याळ जहाजाच्या वेळेला लावू नका, आणि अजून अर्धा तास आहे म्हणत सावकाश आइस्क्रीम खा. धापा टाकत धक्क्यावर पोचाल तेव्हा दोर सुटलेले असतील. बाल्कन्यांतून अनोळखी माणसं टाळ्या वाजवत तुमचा व्हिडिओ काढतील. त्यांत आपली बाल्कनी शोधू नका, ती लाइफबोटीमागे आहे.