बत्तीस बोअर आणि भाच्याचं मॅग्नम

भाचा टेक्सासला असतो. त्याच्या रिव्हॉल्वरमधून मी गोळ्या झाडून आलो ही बातमी घरच्या ग्रुपवर फुटल्यापासून तो रोज मला डिवचतोय. "मामा, तुमचं बत्तीस आता खंडेनवमीला पुजायला ठेवा, वापरायला .३२७ फेडरल मॅग्नम." बत्तीस म्हणजे आपल्याकडचं .३२ बोअर, नळीच्या आतल्या रुंदीचं इंचातलं माप; .३२७ हे त्याच्याकडचं जास्त जोराचं काडतूस. उत्तर तिथे मावेना, म्हणून इथे.

त्याचं कौतुक खोटं नाही, हे आधीच सांगतो. २००७-०८ च्या सुमारास फेडरल आणि रुगर या दोन कंपन्यांनी मिळून हे काडतूस आणलं. त्याच्याकडची रुगरची रिव्हॉल्वर तळहाताएवढी, पण फिरत्या सिलिंडरात काडतुसांची सहा घरं. तेवढ्याच अंगाची .३५७ मॅग्नमची घ्या, पाचच बसतात. गोळी बारीक आहे म्हणून एक घर जास्त मिळतं. शंभर ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी आणि कंपनीचा आकडा सेकंदाला १५०० फूट. आपल्या बत्तीसची ९८ ग्रेनची गोळी जाते ७०० फुटांच्या आसपास. हिशेब केला तर ताकद साधारण साडेचार पट. भाचा हाच हिशेब घेऊन बसलाय.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. रेंजवरच्या टेबलावर त्याने चार काडतुसं ओळीने उभी केली, आरतीला पुढे-मागे उभी केलेली पोरं दिसावीत तशी. पुढे सगळ्यात बुटकं .३२ स्मिथ अँड वेसन. मागे त्याचं लाँग, १८९६ चं. हेच आपलं बत्तीस. त्यामागे १९८४ चं एच अँड आर मॅग्नम, आणि शेवटी हे .३२७. चौघांचं अंग सारखं, फरक फक्त उंचीत: लाँगची पितळी कवची २३ मिलिमीटरची, .३२७ ची ३० ची. त्यामुळे .३२७ च्या रिव्हॉल्वरमध्ये चारही चालतात. उलटं मात्र होत नाही, लांब काडतूस आखूड घरात शिरतच नाही. शिरू नये म्हणूनच ते लांब केलंय.

पहिली सहा मॅग्नम मारली. कानांवर मफ असूनही पहिल्या बाराला मी दचकलो. जत्रेतला गर्नाल, म्हणजे मोठा फटाका, हातात फुटावा तसं वाटलं. आखूड नळीतून जाळ बाहेर आला, मनगट वर उडालं आणि दुसऱ्या बाराला चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. .३५७ चा दाब ३५,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) धरतात, या पोराचा ४५,०००. एवढ्या दाबाचा वायू दोन-तीन इंचांच्या नळीतून सुटला की दुसरं काय होणार? सहापैकी दोन कागदावर लागल्या. दोन्ही कुठे लागल्या ते विचारू नका.

मग मी म्हटलं, आता ते दुसऱ्या नंबरचं, लाँग, भर. तीच रिव्हॉल्वर, तोच म्हातारा हात. टप्. टप्. सहाच्या सहा कागदावर, पाच तर माझ्या मुठीखाली झाकल्या जातील अशा. भाचा म्हणाला, "मामा, ही तर खेळण्यातली गोळी." म्हटलं, बाबा, जागतिक नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर या पिस्तुलाच्या प्रकारात बहुतेक जण याच खेळण्याने खेळतात. त्यांची गोळी सपाट तोंडाची असते, कवचीच्या कडेबरोबर बसवलेली, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणांनी ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच प्रकारात.

माझं म्हणणं एवढंच, की .३२७ चा खरा गुण त्याच्या आकड्यात नाही, त्याच्या घरात आहे. एक मजबूत सिलिंडर घ्या आणि वर्षभर त्यात शांत लाँग मारत बसा. मॅग्नम वर्षातून दोनदा. (आखूड काडतुसं खूप मारली की घरात पुढे काजळीचं कडं धरतं, मग लांब काडतूस अडकतं. तेवढं घासून काढायचं.) ज्याचा आवाज झेपत नाही त्याचा सराव माणूस करत नाही. आणि तिकडेही .३२७ चे डबे .३८ स्पेशलसारखे गल्लोगल्ली मिळत नाहीत, महागही पडतात.

आता आपल्याकडे. आपण बत्तीस वापरतो ते काही आवडीने निवडलेलं नाही. .३८० आणि .४५५ चं रिमवालं (बुडाशी बाहेर आलेली कडा असलेलं) किंवा फौजेचं ९ मिलिमीटरचं काडतूस ज्यात चालेल ते हत्यार कायद्याने प्रतिबंधित. उरलं मुख्यतः बत्तीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' रिव्हॉल्वर काढली, अर्धा किलो वजन आणि तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये, ती बत्तीसच. २०२३ ची 'प्रबल', तीही बत्तीसच. आमच्या आबांची जुनी कानपुरी तर मधोमध मोडून भरायची, वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरच्या घाटाची. तिच्या बिजागरीकडे बघून सांगा, ४५,००० चा दाब तिथे कोण सोडेल?

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात प्रश्न वेगाचा नाहीच. प्रश्न पावसाचा. आबा काडतुसं चामडी पट्ट्यात खोचून ठेवायचे. चार पावसाळे गेले आणि पितळावर हिरवा चिकट थर. एकदा कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) खेती, म्हणजे माकडं, हाकलायला त्यांनी हवेत बार काढायला घेतला, नुसता 'कट्' आवाज. दुसरं घर, परत 'कट्'. माडावरची खेती खाली वाकून बघत राहिली. तेव्हापासून आईने काडतुसं भाजलेल्या तांदळाच्या डब्यात टाकली, चामडं बाहेर. आजही तिथेच आहेत.

आणि कोणी रानडुकराचं नाव काढेल, म्हणून आधीच सांगतो: रिव्हॉल्वर घेऊन डुकरासमोर जायचा विचार असेल तर मॅग्नम असो की लाँग, आधी चढायला झाड बघून ठेवा. कायद्याचं तर वेगळंच.

भाच्याने हे वाचून आत्ताच फोन केला. "मामा, म्हणजे महागडी रिव्हॉल्वर घ्यायची आणि त्यात हलकीच गोळी मारायची?"

हो रे. पुढच्या खेपेला लाँगचे दोन डबे आणून ठेव, एक माझा.