छपरावरचे पापड

ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात दर हिवाळ्यात हजारो आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, तळ ठोकतात. गेल्या जानेवारीत त्यांत आमचीही जुनी २६ फुटी होती. तिसऱ्या रात्री बॅटरीने मान टाकली, हीटरचा पंखा थांबला आणि ही गोधडीतून म्हणाली, "अहो, दिवसभर एवढं ऊन होतं, त्याचं काय केलंत?"

मी सोलरच्या नादी लागलो तो तेव्हापासून.

पॅनेलांच्या जाती दोन. एक काचेचं, चौकटीतलं; १०० वॅटला सहा-सात किलो. दुसरं वाकणारं, जेमतेम दोन किलो, जाडी दोन-तीन मिलिमीटर, उचललं की ओल्या पापडासारखं लवतं. माझा जीव वाकणाऱ्यावर जडला, कारण ते नुसतं चिकटवायचं. काचेच्याला छपरात स्क्रू मारावे लागतात. चार पॅनेलं, सोळा भोकं! ज्याचं बालपण रत्नागिरीत गळक्या कौलांखाली पातेली सरकवण्यात गेलं, त्याच्या हातात कुणी ड्रिल देऊ नये.

"शिवाय वीस किलो वजन वाचेल," मी हिला पटवलं. हिने काही न बोलता बाकाचं झाकण उचललं. आत ४० पौंडी तांदळाची गोणी, तिला टेकून लोखंडी खलबत्ता. "आणि टाकीत दीडशे लिटर पाणी. त्याचं वजन तुम्हीच सांगा, इंजिनिअर ना तुम्ही?"

वजनाचा मुद्दा मी मागे घेतला. वाकणारं पॅनेल मात्र मनातून जाईना.

शेवटी शेजारच्या आरव्हीतले आजोबा मला शिडीवरून त्यांच्या छपरावर घेऊन गेले. तीन वर्षांपूर्वी चिकटवलेली पॅनेलं. कडेला फोड, मधे तपकिरी डाग; निखाऱ्यावर भाजलेला पापड हुबेहूब. काचेच्या पॅनेलखाली वारा खेळतो, याला खालून श्वासच नाही. पॅनेलवर छापलेले वॅट पॅनेल २५ अंशांवर असतानाचे; त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. इथल्या उन्हाळ्यात पॅनेल ७५ अंशांवर गेलं, की शंभरातले पंधरा-वीस वॅट तिथेच स्वाहा.

"मग काढत का नाही?" मी विचारलं.

आजोबांनी नखाने कड जराशी उचलली. पॅनेलबरोबर छपराचं रबरही वर आलं. त्यांनी ते हळूच दाबून परत बसवलं, झोपलेल्या नातवाचं पांघरूण सारखं करावं तसं.

मी काचेची घेतली. सोळा भोकं पाडली. प्रत्येकावर सीलंट ओतलं, मग मनाचं समाधान होईना म्हणून आणखी ओतलं. खालून ही विचारत होती, "श्रीखंड पुरेल ना?"

आम्ही राहतो त्या फिनिक्सलाही जुलैत मान्सून येतो. खरंच तेच नाव आहे. पहिल्या सरीला, रात्री दोन वाजता, मी दारातल्या आरव्हीत जाऊन छपराखाली पातेलं ठेवलं आणि टॉर्च धरून बसलो. एक थेंब पडला नाही. तरी पातेलं मी हलवू देत नाही.

हल्ली ही त्यात तांदूळ भिजत घालते.