तारीख कापलेली कात्रणं

आमच्या डिचोलीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून जुन्या नाटकाचा फोटो येतो. फेटे, लाकडी तलवारी, चिकटवलेल्या मिशा, मागे राजवाड्याचा पडदा. मग सुरू होतं: "डावीकडून तिसरे आमचे काका", "काका न्हय रे, ते मास्तर", "हें खंयचें वर्स?" दोन दिवसांत फोटो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. मूळ फोटोच्या पाठीवर कुणीतरी शाईने सगळी नावं लिहिलेली असण्याची शक्यता दाट, पण मोबाईलने टिपलेली असते फक्त पुढची बाजू.

गोव्यात कागद जपायची रीत नाही असं कुणी म्हणू नये. छापखाना आपल्याकडे १५५६ साली आला. पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. आज पाटोवर कृष्णदास शामांच्या नावाने उभी असलेली मध्यवर्ती लायब्ररी १८३२ पासूनची. पण पूर्वी कागद जपला तो राज्यकर्त्यांनी, चर्चने आणि गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेने, कोमुनिदादीने. शेत कुणाचं, खंड किती, कुणावर काय देणं, ते शोधणाऱ्याला सापडतं. बाजारात पहिली पिठाची गिरण कुणी घातली, वाड्यावर वीज कधी आली, मंदिरासमोर पहिलं संगीत नाटक कुठलं झालं, हे त्या दप्तरात कसं असणार?

त्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. छापून बोलण्याची सवय लागायची कुठून?

पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर तीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ ला 'गोमन्तक' निघाला, मग मडगावहून 'राष्ट्रमत', पुढे 'नवप्रभा'. घरात कोकणी बोलणारी आमच्यासारखी माणसं पेपर मात्र मराठी वाचत. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या जनमत कौलाचं भांडणसुद्धा दोन्ही बाजूंनी मराठी पेपरांतच रंगलं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. हे सगळं ठाऊक आहे, त्यावर चिकार लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्याच पेपरांच्या आतल्या पानांबद्दल. 'वाळपई (वार्ताहर)', 'पेडणे (प्रतिनिधी)' अशा सुरुवातीच्या चार-चार ओळींच्या बातम्यांबद्दल.

हा वार्ताहर बहुधा शाळामास्तर, नाहीतर दुकानदार. मानधन चहापाण्यापुरतं. हाताने लिहिलेली बातमी पाकिटात घालून बसच्या कंडक्टरकडे द्यायची, पणजीला पोचली तर उद्या, नाहीतर परवा. भाषा ठरलेली. 'ग्रामस्थांची लक्षणीय उपस्थिती होती', 'शेवटी अमुक यांनी आभार मानले'. या भाषेला कुणी कितीही हसो, त्यात माणसाचं नाव, आडनाव, वाडा आणि दिवस असायचा. गावाचा इतिहास लिहायला बसलेल्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

निधनवार्तेचंही तसंच. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन पुत्र, विवाहित कन्या, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे', आणि त्याआधी एखादी ओळ: 'घुमटवादक म्हणून परिचित होते', 'खाणीवर नोकरीस होते'. बायकांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण आपल्याकडे लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची पद्धत. माहेरचं नाव कंसात छापलं असेल तर धागा जुळतो, नाहीतर ती बाई माहेरच्या वाड्यातून पुसलीच गेली म्हणायची.

ही कात्रणं पुष्कळ घरांत आहेत. शाळेच्या वहीत खळीने चिकटवलेली, कडा नीट कापून. इतक्या नीट की तारीख आणि पेपरचं नाव कात्रीखाली गेलेलं! मग उलट्या बाजूच्या सिनेमाच्या जाहिरातीवरून वर्षाचा अंदाज बांधत बसायचं, तोही कात्रण सुटं असेल तरच. आमच्या जवळच, नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या दारावर शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. दगडात अक्षरं खोदताना वारसुद्धा सोडला नाही. आम्हाला बॉलपेन हातात असून साल लिहायचा कंटाळा.

डिचोलीच्या नव्या सोमवाराच्या उत्सवाचंच घ्या. पालखी आणि रात्रभर गाणं, हे आमचं भूषण. कुठले मोठे गवई येऊन गेले ते लोक अभिमानाने सांगतात. पण हार्मोनियमवर कोण होतं? तबल्याला कोण? ते असायचं त्या वर्षीच्या पत्रकात, तळाला, बारीक अक्षरांत. मोठ्या गवयाचं चरित्र कुणीतरी लिहितो, साथीदाराचं त्या पत्रकापलीकडे काही उरत नाही. अशा पत्रकांची सलग रांग डिचोलीत कुणाकडे आहे का? मी विचारत असतो. उत्तर येतं, "आसलीं रे, खंय गेलीं कोण जाणा."

साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव आपण पाहिलेलं आहे. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की जुने रहिवासी तिथे जमतात, सोमेश्वराच्या देवळात आणि कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, उत्सव होतो. घराच्या जोत्यावर उभं राहून माणसं मुलांना सांगतात, इथे चूल होती, इथे गोठा. ती माणसं आहेत तोवर हे चालेल. पुढे जोत्यांना नावं कोण देणार? बुडालेल्या गावाला निदान आपण बुडालोय हे माहीत तरी आहे.

आता म्हणाल, बातम्या तर पूर्वीपेक्षा जास्त येतात. येतात ना! मोबाईलवर दिवसभर येतात. त्यातल्या निम्म्या शाल-श्रीफळाच्या, आमदार मध्यभागी आणि बाकीचे 'व इतर मान्यवर'. हे 'व इतर' मला मेलं सहन होत नाही, गावच्या बातमीत गाव म्हणजे तेच तर असतात. आणि जिथे खरं काही घडतं ती रविवारची ग्रामसभा! गोव्यात १९१ पंचायती. डोंगर कापण्यावरून, कचऱ्यावरून, मोठ्या प्रकल्पांवरून लोक तिथे सरपंचाला घाम फोडतात. त्याचे लाईव्ह व्हिडिओ येतात, तावातावाने बोलणारा माणूस दिसतो, पण तो कोण, कुठल्या वाड्यावरचा, ठराव झाला की नाही, हे कुणी लिहीत नाही. वर्षभराने ते पेज बंद पडलं की व्हिडिओही गेला. पंचायतीच्या इतिवृत्तात उरते 'चर्चा झाली' एवढी ओळ.

डिजिटायझेशन करा म्हणणारे माझे मित्र आहेत, आणि मोठ्या ग्रंथालयांनी ते करावंच. पण नाव-साल नसलेला फोटो स्कॅन केला तर तो नाव-साल नसलेला स्कॅनच होतो. ती नावं सांगणारी माणसं आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत.

देवस्थानांच्या आणि मंडळांच्या स्मरणिका काढणाऱ्यांनाही एक सांगणं. मंत्र्यांच्या शुभेच्छांना पहिली आठ पानं जातात, त्यातलं एक पान काढून तिथे आजवरच्या नाटकांची यादी टाका: साल, नाटक, कलाकार, पेटीवाला, पडदेवाला, सगळे. जाहिराती मात्र कमी करू नका. जुन्या स्मरणिकेत मी आधी जाहिराती वाचतो. तीन आकडी टेलिफोन नंबर, बंद पडलेली शिंप्याची दुकानं, सोडा-लेमनचे कारखाने, बाजार कसा होता ते तिथेच कळतं.

गणेश चवथीची साफसफाई आता सुरू होईल, माळे उतरतील, रद्दीवाला दारात येईल. नव्या सोमवाराची पत्रकं, जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, जुन्या लग्नपत्रिका, पेपरांचे गठ्ठे निघाले तर त्याला देण्याआधी मला मेसेज करा, मी येऊन बघतो. फोटो पाठवणार असाल तर पाठीमागची बाजूही पाठवा, कोरी असली तरी. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना जवळ बसवून मागे पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनने नको, पुढे उमटतं.