तांदूळ फेका, खडे ठेवा

नूडलिंग म्हटलं की आपल्याकडे लोक मसाल्याचं पाकीट फोडायला धावतात. कूबर पेडीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. खाणवाल्यांनी उपसून टाकलेल्या ढिगाऱ्यावर उकिडवं बसायचं आणि त्यांच्या नजरेतून निसटलेलं ओपल, म्हणजे आत रंग खेळणारं रत्न, हुडकायचं, याला तिथे नूडलिंग म्हणतात. तांदूळ निवडण्याचाच प्रकार, फक्त इथे तांदूळ फेकायचे आणि खडे ठेवायचे. आणि सुपात दोन पायल्या नसतात, दोन ट्रक असतात.

हे गाव दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेला साधारण ८५० किलोमीटरवर आहे. १९१५ साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल सापडलं, तेव्हापासून ही जमीन चाळणीसारखी झाली आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून गावातले बरेच लोक जमिनीखाली घरं कोरून गारव्यात राहतात. नूडलिंगवाला मात्र वर उन्हात बसतो. त्याच्या बुद्धीबद्दल मला आणखी काही सांगायची गरज नाही.

कुठल्याही ढिगावर जाऊन बसता येत नाही. चार कोपऱ्यांना खुंट्या दिसल्या की तो कोणाचा तरी क्लेम, म्हणजे खाणकामासाठी हक्कानं आखून घेतलेला तुकडा, असतो, आणि मालकाला न विचारता तिथली माती उकरणं म्हणजे सरळ चोरी. हौशी लोकांसाठी ज्वेलर्स शॉप रोडवर जागा मोकळी ठेवली आहे. नाव सराफकट्ट्याचं, दर्शन वीटभट्टीचं.

ढिगाशेजारी विवर असतं, म्हणजे ती माती जिथून उपसली तो खाणीचा खड्डा. मीटरभर रुंद, वीस-पंचवीस मीटर खोल, वर झाकण असेलच असं नाही. गावाबाहेर पाट्या लावल्या आहेत: पळू नका, उलटं चालू नका. ही दुसरी सूचना खास फोटो काढणाऱ्यांसाठी. 'अजून थोडं मागे, अजून थोडं' म्हणणारा नवरा इथे बरोबर नेऊ नये. कडेची माती भुसभुशीत असते, तेव्हा वाकून डोकावायचंही नाही, आणि जुन्या विवरात उतरायचा विचार तर मनातसुद्धा आणायचा नाही.

सामान फारसं लागत नाही. बागकामाचा छोटा दाताळा, पाच मिलिमीटरची चाळण, बादली, इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली, आणि प्यायला माणशी चार-पाच लिटर पाणी. पिण्याचं पाणी दगडांवर मारायचं नाही, हा नियम पहिल्या तासात सगळेच मोडतात. शिवाय माश्यांसाठी जाळीची टोपी. जाळी खाली घेतली तर दगडाचा रंग कळत नाही, वर केली तर माश्या नाकात. यावर उपाय नाही.

ढीग निवडायचा तो जुना. अलीकडचे ढीग ब्लोअरचे असतात. ब्लोअर म्हणजे ट्रकवर बसवलेला राक्षसी व्हॅक्युम क्लीनर. तो खालची माती पाइपातून ओढून वर ओततो आणि शंकूसारखा ढीग रचतो. त्यातले बरेच ढीग नूडलिंगच्या यंत्रातूनही जाऊन आलेले असतात, म्हणजे आपल्या वाट्याला उष्टं. हातानं खोदलेल्या काळच्या ढिगात चुकून राहिलेलं जास्त मिळतं. मोठे गोळे गडगडत पायथ्याशी जातात, म्हणून सुरुवात पायथ्यापासून करायची. वरवर पडलेलं ओपल वर्षानुवर्षं उन्हात भाजून तडकलेलं असतं. त्यामुळे वरचा वीतभर थर दाताळ्यानं ओढायचा आणि खालच्या मातीवर पाणी मारायचं. कोरडा दगड सगळा एकसारखा पांढरट-विटकरी दिसतो. ओला झाला की धूळ उतरते आणि असलाच तर रंग डोळा मारतो.

डोळा मारणारे सगळेच ओपल नसतात, ही खरी रड. सर्वांत लबाड जिप्सम, एक मऊ, चकचकीत खनिज. उन्हात असं झळकतं की छातीत धस्स होतं. नखानं ओरखडा काढा. उमटला तर जिप्सम, कारण ओपलवर नख चालत नाही. दुसरा लबाड म्हणजे बाटलीची काच. खाणकामगारांनी शंभर वर्षांत रिचवलेल्या बिअरचा पुरावा इथे हिरव्या आणि तपकिरी तुकड्यांत पसरला आहे. आत बुडबुडा दिसला की समजावं. तिसरी परीक्षा जिभेची: कोरडी चिकणमाती जिभेला चिकटते, ओपल चिकटत नाही. ही परीक्षा घेताना तोंड उघडावं लागतं. माश्यांचं वर आलंच आहे.

या सगळ्यातून पार पडलेला दगड बहुधा पॉच निघतो. पॉच म्हणजे ओपलचा गरीब भाऊ. तेच सिलिका, तेच पाणी, पण आतल्या सूक्ष्म गोळ्या एकसारख्या आकाराच्या आणि ओळीत रचलेल्या नसतात, म्हणून रंगांचा खेळ नाही. तरी फेकू नका, कडा नीट पाहा. रंगाचा पट्टा कधीकधी पॉचच्याच कडेला चिकटलेला असतो. हातोडी मात्र घालू नका, एका ओपलची चार होतात आणि चारही बिनकामाची. घरी जाताना गाडीच्या काचेखाली वाळत ठेवण्याचाही मोह आवरा. उन्हानं तापून कोरडं पडलं की त्यावर तडे जातात.

चाळणीवर उरलेलं बादलीत भरून मुक्कामी आणा. अंधारात विवरांमध्ये हिंडण्यापेक्षा खोलीत दिवा मालवून अतिनील टॉर्च मारलेला बरा. फिकट ओपल आणि पॉच दोन्ही निळसर-पांढरे उजळतात, म्हणजे टॉर्च निम्मंच काम करतो. बादलीपेक्षा जास्त तेजाळतो तो साबण पावडरीत धुतलेला आपला सदरा, त्यानं हुरळू नये. आणि बादलीच्या तळाशी काही हिरवट, ठसठशीत चमकलं तर हात घालण्याआधी क्षणभर थांबा. ते चालायला लागलं, तर विंचू आहे.