दहा वर्षांची सरासरी कमाई छोट्या खाणीची किंमत सांगत नाही

सध्या एक सूत्र बरंच फिरतंय. छोट्या खाण कंपनीचा एका वर्षाचा पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर कमाई) पाहू नका. गेल्या दहा वर्षांची, मिळाली तर पंधरा वर्षांची प्रतिशेअर कमाई घ्या, प्रत्येक वर्षाचा आकडा ग्राहक किंमत निर्देशांकाने आजच्या रुपयांत आणा, सरासरी काढा आणि आजच्या भावाला तिने भागा. उत्तर १० च्या आत आलं की शेअर स्वस्त. बाजू मांडताना चार गोष्टी सांगितल्या जातात: पद्धत जुनी आणि नावाजलेली आहे, तेजी-मंदी सपाट होते, महागाईचा हिशेब होतो, आणि कंपनीच्या जुन्या निकालांपलीकडे काही शोधावं लागत नाही. या सूत्रावर लोक घामाचे पैसे लावतायत, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू.

एक गोष्ट आधीच मान्य. एका वर्षाचा पी/ई खाणीच्या बाबतीत फसवा असतो. खनिजाचा भाव शिखरावर असताना नफा फुगतो, पी/ई ४-५ दिसतो आणि नेमकी तीच खरेदीची सर्वात वाईट वेळ असते. दुखणं बरोबर ओळखलंय, पण औषध चुकीचं आहे.

"पद्धत जुनी आणि नावाजलेली आहे"

आहेच. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये अनेक वर्षांची सरासरी कमाई पाहायला सांगितलं. जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये महागाई वजा करून दहा वर्षांची सरासरी वापरली. पण शिलर यांचं गुणोत्तर प्रसिद्ध झालं ते अमेरिकेच्या एस अँड पी ५०० सारख्या शेअर-निर्देशांकासाठी. निर्देशांकातून थकलेल्या कंपन्या बाहेर पडतात आणि नव्या आत येतात. त्यामुळे गेल्या दहा वर्षांची कमाई पुढेही साधारण तशीच चालेल असं धरायला आधार असतो. एका खाणपट्ट्यावर (सरकारने ठरावीक मुदतीसाठी खाणकामाला दिलेल्या जमिनीवर) जगणाऱ्या कंपनीला तो आधार नाही. तिचा माल जमिनीत मोजून ठेवलेला आहे आणि विकलेला प्रत्येक टन त्यातून कमी होतो.

आकड्यांत पाहू. काल्पनिक कंपनी, एकच लोहखनिजाची खाण. पर्यावरण मंजुरी वर्षाला ५ लाख टनांची, काढता येण्याजोगा साठा ३५ लाख टन. म्हणजे आयुष्य सात वर्षं. विक्रीभाव टनाला ३,००० रुपये, रॉयल्टीसकट (काढलेल्या खनिजापोटी सरकारला द्यायची रक्कम) सगळा खर्च २,४००, हातात ६००. करपूर्व नफा ३० कोटी, २५.१७ टक्के कर जाऊन २२.४५ कोटी. शेअर २ कोटी, भाव ९० रुपये, म्हणजे बाजारमूल्य १८० कोटी. दहा वर्षांची महागाई-समायोजित सरासरीही २२.४५ कोटीच आली असं धरा. ९० ला ११.२२ ने भागलं की ८. सूत्र म्हणतं, घ्या.

आता सातही वर्षांचा नफा नुसता बेरजेने जोडा: १५७ कोटी. म्हणजे सगळं सुरळीत चाललं, भाव पडला नाही, एकही पावसाळा वाया गेला नाही, तरी १८० कोटी देणाऱ्याच्या हाती १५७ कोटी येतात, तेही सात वर्षांत थोडेथोडे. महागाई सोडून १२ टक्के परतावा हवा असेल तर त्या नफ्याचं आजचं मूल्य १०२ कोटी. "८ पी/ई" ला मिळालेला हा शेअर त्याच्या मोलाच्या पावणेदोन पट महाग पडला.

यावर हमखास उत्तर येतं: नफ्यातून घसारा वजा होतोच, मग खाण संपण्याचा हिशेब त्यातच आला. नाही आला. घसारा असतो डंपर, क्रशर, वजनकाटा, शेड यांच्या खरेदी किमतीवर. जुना खाणपट्टा पुस्तकात नाममात्र रकमेला पडलेला असतो. जमिनीतलं खनिज आटतंय याची नोंद नफा-तोटा पत्रकात फारशी होतच नाही. नवा साठा सापडू शकतो हे खरं, पण तो ड्रिलिंगने सिद्ध झाल्यावरच मोजायचा.

"तेजी-मंदी सपाट होते"

सरासरीने भावातला चढउतार सपाट होतो, खाणीतला बदल होत नाही. दहा वर्षांपूर्वीची खाण आणि आजची खाण यांचं फक्त नाव एक असतं. खड्डा खोल जातो तसं एका टन खनिजामागे जास्त माती काढावी लागते. पूर्वी दीड टन माती काढून भागत असेल आणि आज तीन टन काढावी लागत असेल, मातीचा खर्च टनाला १८० रुपये धरला, तर खनिजाच्या प्रत्येक टनावर २७० रुपयांचा नवा बोजा पडतो. वरच्या उदाहरणातले ६०० रुपये ३३० वर येतात, आणि ते खनिजाचा भाव एक रुपयाही न पडता. पाणी उपसायचा पंप मोठा लागतो, डंपरची फेरी लांबते, डिझेल वाढतं. भूमिगत खाणीत हाच प्रकार शाफ्ट, वायुवीजन आणि भराईच्या वाळूत दिसतो. यातली एकही गोष्ट पुढे किती वाढेल हे जुन्या ईपीएसच्या (प्रतिशेअर कमाईच्या) सरासरीतून कळत नाही.

त्यात भावाचा झटका नफ्यावर किती जोरात बसतो ते पाहा. भाव १० टक्के पडून २,७०० झाला. लोहखनिजावर रॉयल्टी १५ टक्के आणि जुन्या खाणपट्ट्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी (खाणबाधित भागांसाठीचा निधी) त्या रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे भावाचे १९.५ टक्के सरकारजमा. भाव पडला की हा भरणाही कमी होतो, साधारण ५८ रुपयांनी. तरी ६०० चे उरले ३५८. भावात १० टक्के घट, नफ्यात ४० टक्के. शिवाय रॉयल्टी आकारली जाते भारतीय खाण ब्यूरोने जाहीर केलेल्या सरासरी विक्रीभावावर. तुमचा माल त्याहून स्वस्त गेला म्हणून रॉयल्टी कमी होत नाही.

आणि चक्र दहा वर्षांत पूर्ण होतंच असंही नाही. ६२ टक्के लोहाच्या खनिजाचा आंतरराष्ट्रीय भाव डिसेंबर २०१५ मध्ये ४० डॉलरच्या खाली होता, मे २०२१ मध्ये २३० च्या वर. कोणती दहा वर्षं धरली यावर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं.

"महागाईचा हिशेब होतो"

या मुद्द्यावर सर्वात जास्त फसगत होते. ग्राहक किंमत निर्देशांक मोजतो धान्य, भाजी, घरभाडं, शाळेची फी. खाण यातलं काही विकत नाही.

२०११ मध्ये लोहखनिजाचा सरासरी आंतरराष्ट्रीय भाव १६८ डॉलरच्या आसपास होता आणि डॉलर ४७ रुपयांना. २०२४ मध्ये भाव ११० डॉलरच्या आसपास, डॉलर साधारण ८४. रुपयांत धरलं तर तेरा वर्षांत भाव वाढला जेमतेम १७ टक्के, तर किरकोळ महागाईने निर्देशांक साधारण दुप्पट केला. म्हणजे २०११ चा २० कोटींचा नफा सूत्रात ४० कोटी होऊन बसतो, आणि सरासरी फुगते. सुरुवात २०१४ पासून केली तर रुपयातला भाव आणि महागाई दोन्ही जवळपास बरोबरीने वाढलेली दिसतात. सूत्र तिथे जुळतं, पण तो योगायोग आहे.

त्याहून खोल चूक अशी की नफा म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधली फट. नफ्याला महागाईपोटी समजा १.६ ने गुणणं म्हणजे भाव आणि खर्च दोन्ही १.६ पट झाले असं धरणं. समजा जुना भाव ३,०००, खर्च २,४००, नफा ६००. सूत्राप्रमाणे आजचा नफा ९६०. प्रत्यक्षात भाव दीडपट होऊन ४,५०० झाला आणि खर्च १.७ पट होऊन ४,०८०, तर नफा ४२०. महागाईचा निर्देशांक लावायचाच असेल तर खर्चाच्या एकेका बाजूला लावा: डिझेलला डिझेलचा, मजुरीला वेतनकराराचा, स्फोटकांना त्यांच्या खरेदीदराचा. नफ्याला कधीच नाही.

"जुन्या निकालांपलीकडे काही लागत नाही"

गोव्यातल्या वाचकाला यावर उदाहरण द्यायची गरज नाही. चिनी मागणीच्या भरभराटीची वर्षं धरून २०१२ च्या मध्यावर गोव्यातल्या कुठल्याही खाणीची सरासरी काढली असती तर ती देखणीच आली असती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठली ती वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सामसूम.

देशभरात १२ जानेवारी २०१५ पासून कायदाच बदलला. बिगर-कोळसा खाणपट्टे लिलावाने देणं सुरू झालं आणि खुल्या बाजारात माल विकणाऱ्या खासगी कंपन्यांचे अनेक जुने पट्टे ३१ मार्च २०२० ला संपले. ओडिशात त्यांचे लिलाव झाले तेव्हा काही बोली, म्हणजे टनामागे सरकारला द्यायचा प्रीमियम, सरासरी विक्रीभावाच्या १०० टक्क्यांहून वर गेल्या. ज्या कंपनीचा पट्टा गेला तिच्या दहा वर्षांच्या कमाईचा काय उपयोग? आणि जिने तोच पट्टा लिलावात परत मिळवला, तिच्या प्रत्येक टनावर आता प्रीमियम आहे, जो जुन्या नफ्यात नव्हताच.

मागच्या वर्षांचा नफा मागेच पक्का झाला असंही धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने ओडिशात पर्यावरण मंजुरीशिवाय किंवा मर्यादेबाहेर काढलेल्या लोह आणि मँगनीज खनिजाची पूर्ण किंमत वसूल करायला सांगितली. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, एक विरुद्ध आठ मतांनी, रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यं खनिज हक्कांवर कर लावू शकतात असं ठरवलं. पुढच्या महिन्यात १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी मागायला वाट मोकळी झाली. भरणा १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत. म्हणून वार्षिक अहवालात आकस्मिक दायित्वांची (पुढे द्यावे लागू शकणाऱ्या पैशांची) टीप आधी वाचा, नफा नंतर.

शेअरसंख्येचा घोळ वेगळाच. पाच वर्षांपूर्वी १ कोटी शेअर आणि १२ कोटी नफा, म्हणजे ईपीएस १२. मग प्रेफरन्शियल इश्यूने (निवडक गुंतवणूकदारांना नवे शेअर देऊन) शेअर २ कोटी झाले आणि पैसा जुनं कर्ज फेडण्यात गेला. व्याज वाचलं तेवढा नफा वाढला, पण त्याच खनिजाच्या नफ्यात वाटेकरी दुप्पट झाले. सरासरीत मात्र १२ तसेच बसतात.

मग ही पद्धत कुठेच चालत नाही का?

चालते, पण डागडुजी करून. मोठा साठा, बरेच पट्टे आणि सरकारी मालकी असलेली नागपूरची मँगनीज खाण कंपनी मॉईल घ्या. ती छोटी खाण नव्हे, म्हणूनच सरासरीला इथे सर्वात चांगली संधी आहे. तरी अडचणी बघा. डिसेंबर २०१० मध्ये ३७५ रुपयांना आलेल्या या शेअरवर २०१७ मध्ये एकास एक बोनस मिळाला आणि त्याच्या मागेपुढे पुनर्खरेदीही (कंपनीनेच आपले शेअर परत विकत घेणं) झाल्या, त्यामुळे जुनी ईपीएस जशीच्या तशी घेताच येत नाही. उत्पादन २०२२-२३ मध्ये १३.०२ लाख टन होतं, २०२४-२५ मध्ये १८.०२ लाख टन. दहा वर्षांची सरासरी आजच्या टनांबद्दल अजाण राहते. उलट मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंड्टवर मेगन चक्रीवादळाने बंदराचा धक्का मोडला, उच्च प्रतीच्या मँगनीजची निर्यात थांबली आणि जगभर भाव उसळले. त्या तिमाहीचा नफा सरासरीत असो वा नसो, तो बालाघाट किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीबद्दल काहीच सांगत नाही.

छोट्या खाणीसाठी करायचं ते असं. खाणपट्टा कधी संपतो ती तारीख आणि पर्यावरण मंजुरीतली वार्षिक मर्यादा काढा. मंजुरीची कागदपत्रं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतात. साठ्याच्या तक्त्यात १११, १२१, १२२ या संकेतांकांचे (सिद्ध आणि संभाव्य साठ्याचे) टनच धरा. ३३१ ते ३३४ हे संसाधन आहे, म्हणजे फायद्यात काढता येईल हे अजून न ठरलेलं खनिज, त्याला आज किंमत देऊ नका. साठ्याला वार्षिक टनांनी भागा, येणारी वर्षं आणि पट्ट्याची उरलेली वर्षं यांतला लहान आकडा घ्या. सरासरी काढायचीच तर भावाची काढा: खाण ब्यूरोचे राज्यवार, प्रतवार मासिक भाव, तुमच्या खाणीच्याच प्रतीचे. ५८ टक्क्यांखालच्या लोहांशाच्या चुऱ्याला ६२ टक्क्यांचा भाव लावला की सगळा हिशेब वाया जातो. २२ मे ते १८ नोव्हेंबर २०२२ या काळात लोहखनिजावर निर्यात शुल्क ५० टक्के होतं, ते महिने वेगळे ठेवा. खर्च मात्र ताज्या चार तिमाहींचा घ्या. शेवटी निव्वळ कर्ज आणि खाण बंद करण्याचा खर्च वजा करा.

मग प्रश्न उलटा विचारा: आजच्या बाजारमूल्यात खनिजाचा कोणता भाव गृहीत धरलाय? वरच्या कंपनीचे १८० कोटी सात वर्षांत १२ टक्क्यांनी वसूल व्हायला वर्षाला ३९.४ कोटी करोत्तर नफा लागतो. करापूर्वी ५२.७ कोटी, म्हणजे टनामागे १,०५४ रुपये. आज सुटतात ६००. वाढीव भावातले १९.५ टक्के सरकारकडे जातात हे धरलं तर विक्रीभाव ३,५६४ हवा, तोही सलग सात वर्षं. आता त्या प्रतीचे गेल्या साठ महिन्यांचे भाव एका रकान्यात लिहा आणि किती महिने ३,५६४ च्या वर होते ते मोजा.