माउंट जुळले, पण गाडी कुठे चालू झाली?

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. जुन्या छोट्या पेट्रोल गाडीत टर्बो इंजिन टाका. शनिवार-रविवारचं काम, इंजिन ज्यावर बसतं ते माउंट जुळले की झालं, ताकद दीडपट, बाकी गाडीला हात लावायला नको, मायलेजही तेवढंच. असा एक स्वॅप, म्हणजे इंजिनबदल, मी स्वतः केलाय, त्यामुळे हौसेला माझा विरोध नाही. पण हे वाचून कोणी जुनं इंजिन भंगारात काढलं, तर गाडी महिनोन्‌महिने जॅकवरच राहायची.

‘माउंट जुळले की झालं.’ माउंटचं काय, पट्टी कापून वेल्डिंग करता येतं. घोडं अडतं ते वायरिंग आणि पेट्रोलपाशी. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीतला पंप जेमतेम पाव बार दाब देतो, पेट्रोल फवारणाऱ्या साध्या इंजेक्शनलाही ३ बारच्या आसपास लागतो. म्हणजे पंप आणि लाइन बदलणं आलंच. त्यात इंजिन नव्या गाडीतलं असेल, तर त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जुन्या मालकाची चावी शोधत बसतो. स्टार्टर फिरतो, इंजिन काही धरत नाही.

‘टर्बो म्हणजे नुसती एक फिरकी.’ ही फिरकी एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर इंजिनात जादा हवा कोंबते. ती मिनिटाला १ लाखाच्या वर फेरे घेते आणि तिच्या एका अंगाला ८००-९०० अंश तापलेला एक्झॉस्ट असतो. तिचं बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगतं. ते तेल आत जातं दाबाने, पण चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, परततं ते केवळ उतारावरून. जागा नव्हती म्हणून आम्ही रिटर्नचा पाइप क्रॉसमेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या दांड्यावरून) फिरवला, मध्ये बोटभर चढ राहिला. पहिल्याच लांबच्या फेरीत सायलेन्सरमधून निळा धूर! जो तो म्हणे, टर्बो गेला. टर्बो ठणठणीत होता. तुंबलेलं तेल सील ओलांडून टर्बाइनमध्ये उतरत होतं. पाइप खाली वळवला, धूर थांबला. त्या बोटभर चढाने आमचे तीन रविवार खाल्ले.

‘जुना गिअरबॉक्स चालतो.’ चालतो की, फुल बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा पूर्ण दाब, येईपर्यंत. १.२ लिटरचं साधं इंजिन साधारण ११० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, १ लिटरचं टर्बो १७० च्या आसपास. आधी क्लच घसरतो, जळका वास येतो. इथवर स्वस्तात सुटलात. दणकट क्लच टाकलात, की पाळी चाकांना ताकद पोचवणाऱ्या ऍक्सल आणि डिफरन्शियलची.

‘ब्रेक तेच पुरतात.’ १०० ऐवजी १४० च्या वेगातून थांबायचं, तर ब्रेकला जवळजवळ दुप्पट उष्णता पचवावी लागते. एकदा गाडी थांबेल. लागोपाठ तिसऱ्यांदा दाबाल, तेव्हा पेडल मऊ लागेल.

राहिलं मायलेज. हे अर्धं खरं आहे, ऍक्सिलरेटर हलका ठेवला तर. बूस्टमध्ये मात्र इंजिन नॉक करू नये (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसू नयेत) म्हणून ईसीयू पेट्रोल जास्तच सोडतो. आणि टर्बो बसवून बूस्टला न शिवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.