वाकून बघितलं म्हणून लाज गेली म्हणे

भाचा सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. गुन्हा एवढाच, की कागलजवळच्या एका गावात, चार माणसांच्या देखत, मी एका जुन्या गाडीतलं मॅट उचललं, टॉर्च मारला आणि गुडघ्यावर बसून चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा ओळख नंबर, वाचला. मालक चहाचा ट्रे घेऊन उभा होता. म्हणाला, "पाव्हणं, एवढा संशय असंल तर शोरूममधली नवी कोरी घ्या की." भाचा लालबुंद. परत येताना उजळाईवाडीपर्यंत तोंडातून शब्द नाही, आणि मग एकच वाक्य, "मामा, लाज काढलासा."

लाज! म्हैस घेताना दात बघतो आपण. दोन वेळचं दूध समोर पिळायला लावतो. गुंठाभर जागा घ्यायची तर सातबारा, फेरफार, वकील. सोयरीक जुळवायची तर मुलाच्या आत्याचं कुठं बिनसलं होतं इथपर्यंत खोदून काढतो. त्यात कुणाची लाज जात नाही. आणि आठ लाखाच्या गाडीचा नंबर वाचला तर समोरच्याचा अपमान होतो?

आता दादाचं सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी परत वाचा, माझा इलाज नाही.

२०१७ साली दादानं एक मोठी जपानी एसयूव्ही घेतली. उत्तरेकडच्या एका दलालाकडून, पासिंग लांबच्या राज्यातलं, किंमत बाजारभावाच्या निम्मी. गाडी घरी आली, वहिनींनी ओवाळलं, जोतिबाला जाऊन आलो, गल्लीभर पेढे वाटले. त्या गाडीत दोन गमती होत्या. एक म्हणजे चावी फिरवली की आतून एक बाई काहीतरी बोलायची. गोड आवाज, एक वाक्य, संपलं. पोरं तिची नक्कल करायची. दादा म्हणायचा, "हाय क्लास गाडी हाय, नमस्कार करती." दुसरी गंमत रेडिओची. ९०च्या पुढं काटा जायचाच नाही. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर, टोमॅटो ९४.३ वर, म्हणजे दोन्ही गायब. दादाला सकाळच्या बातम्या लागायच्या. तो वैतागायचा आणि मग पेन ड्राइव्ह लावायचा.

जपानात एफएम ७६ ते ९० मध्येच चालायचं. ती बाई म्हणजे त्यांच्याकडच्या टोलचं यंत्र. कार्ड घातलेलं नाही, एवढंच ती बापडी रोज सांगत होती. हे मला नंतर कळलं. पण ही गाडी आपल्या बाजारासाठी बनलेली नाही, एवढं त्या रेडिओवरनंच डोक्यात आलं होतं. खरं सांगतो, पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

असो. त्यावर नंतर येतो.

माझं वर्कशॉप उद्यमनगरात. कास्टिंगवर नंबर पंच करण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळं मला निदान ठशातलं शिकवू नका. कंपनीत मशीननं मारलेला नंबर एका रेषेत, एका खोलीचा असतो. हातोडीनं मारलेला असला की आठ जरा तिरका, तीन खोल, शेवटचा एक नुसता टेकवल्यासारखा. आधीचा नंबर कानशीनं घासून काढला असेल तर वर कितीही रंग मारू दे, अंगठा फिरवला की पत्र्याला खळगा लागतो. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत घासतात तशी, सगळं वर येतं. शंभर रुपयांची वस्तू लागत नाही याला.

आणि तो नंबर नुसता आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, जुळवून थांबू नका रे. वाचा तो. १७ अक्षरं असतात. आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं त्यात घेतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. सुरुवातीची अक्षरं गाडीचं गाव सांगतात. आपल्या देशात बनलेली असेल तर बहुतेक एमए ते एमई. मारुतीवर बहुतेक एमए३, टाटावर एमएटी, ह्युंदाईवर एमएएल. थायलंडच्या गाड्यांचा नंबरही एमनंच सुरू होतो, एमएल ते एमआर, म्हणून नुसता एम दिसला की खूश व्हायचं नाही. जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी. आणि खास जपानच्या देशी बाजारातली गाडी असेल तर १७ अक्षरं नसतातच. आखूड नंबर, मधे आडवी रेघ. दादाच्या आरसीवर तसाच होता. आम्ही सगळ्यांनी ते आरसी हातात घेऊन बघितलं होतं. देवासमोर ठेवलं होतं, हळदकुंकू लावून. वाचलं कुणी?

त्याच आरसीवर आणखी एक गोष्ट होती, आणि ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं. गाडी बनली २०१० मध्ये. पहिलं पासिंग २०१६ चं. मधली सहा वर्षं गाडी काय तपश्चर्येला बसली होती काय? हा एक प्रश्न कुणीही विचारला असता तर दलालाची बोबडी वळली असती. कारण परदेशातली वापरलेली गाडी कायद्यानं आणायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडंच लागतं, उतरवायची फक्त मुंबई बंदरात, आणि ड्युटी एवढी की गाडी स्वस्त पडायचा प्रश्नच मिटला. निम्म्या किमतीत मिळते म्हणजे कुणीतरी काहीतरी भरलेलं नाही. यात शेरलॉक होम्स लागत नाही, भावांनो.

बरं, मान्य. इम्पोर्टेड असणं हा काही गुन्हा नाही. रीतसर आणलेल्या असतात, बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आयात केल्याचा कस्टमचा कागद, असते, ड्युटीची पावती असते, दाखवा म्हटलं की दाखवतात. आणि परदेशी गाडीचं आपल्याला वावडं कुठं आहे? दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात आली की मीच सगळ्यात पुढं मोबाईल वर करून उभा असतो.

"ॲपवर बघितलंय की, सगळं क्लिअर हाय," हे आजचं भाच्याचं वाक्य. ॲप! दादाचीही दिसत होती ॲपवर. ज्या राज्यात खोट्या कागदांवर पासिंग केलं, तिथं नोंद झालीच ना? मग ॲप ती नोंद दाखवणारच. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमनं भूतानहून आणलेल्या गाड्यांवर धाडी घातल्या, ऑपरेशन नुमखोर. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत गाडी. त्या गाड्याही उजव्या स्टिअरिंगच्याच, आणि त्यांचीही दुसऱ्या राज्यांत पासिंगं झालेली. भूतानचं सरहद्दीवरचं फुंतशोलिंग आणि आपलं जयगाव यांच्यात एक कमान आहे फक्त. त्या बातमीच्या दिवशी दादानं मला फोन केला. बोलला काहीच नाही. "बघितलास काय?" म्हणाला, आणि ठेवला.

दादाकडं गाडी घेतल्यावर दीड वर्षानं आले कस्टमवाले. सभ्य माणसं होती, उगाच नावं ठेवणार नाही. कागद मागितले, काचेच्या कोपऱ्यातली अक्षरं बघितली (आपल्याकडच्या गाडीच्या काचेवर आयएसआयचा शिक्का असतो, या गाडीला एकाही काचेवर नव्हता), दरवाजाच्या पट्टीवरचं हवेच्या दाबाचं स्टिकर बघितलं, ते जपानीत. दहा मिनिटांत त्यांना जे कळलं ते आम्हाला दीड वर्षात कळलं नव्हतं. मग त्यांच्यातल्या एकानं गाडी बाहेर काढायला चावी फिरवली आणि ती बाई बोलली. तेच वाक्य. दारात सगळी गल्ली उभी. पोरांपैकी एकानं सवयीनं नक्कल केली आणि वहिनींनी त्याला फटका दिला.

पैसे गेले. दलालाचा फोन बंद. दादानं ऊसबिलातून तीन वर्षं ते कर्ज फेडलं.

आता मघाचं राहिलेलं. रेडिओ ९०च्या पुढं जात नाही हे मी बघितलं होतं. मला खटकलं होतं. मी बोललो नाही. दादा एवढा खुशीत होता, अण्णांच्या माघारी त्यानं स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू, आणि मी धाकटा. म्हटलं, याच्या पेढ्यात कशाला माती कालवा. म्हणजे मलाही तेव्हा लाजच वाटली होती. भाच्याला आज वाटली तीच. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही, आणि तो फेसबुकवर नाही म्हणून इथं लिहितोय.

आपण कोल्हापूरकर पण काही धुतल्या तांदळाचे नाही म्हणा. २०१९ च्या महापुरानंतर छतापर्यंत बुडालेल्या गाड्या पुसून, अत्तर मारून लांबच्या गावांना गेलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. तिकडंही कुणीतरी लाजलं असेल मॅट उचलायला.

आणि हो, तुम्ही विचारणारच म्हणून सांगून टाकतो. आजची गाडी स्वच्छ निघाली. एमए३, १७ च्या १७ अक्षरं, ठसा मशीनचा, काचांवर शिक्के, बनल्याचं आणि पासिंगचं साल एकच. मालक खरा माणूस होता. त्याला मी जाताना हात जोडले, त्यानं जोडले नाहीत. गाडी आता तो आम्हाला देत नाही म्हणे. त्याचं बरोबर असेल. माझी बोलायची पद्धत जरा रांगडी आहे, टॉर्च मारण्याआधी तो चहा प्यायला हवा होता, हे ताईचं म्हणणं मला पटलंय. नंबर बघायला नको होता हे पटलेलं नाही.

भाच्याचा अजून फोन नाही. पण ताई म्हणाली, रविवारी इचलकरंजीत दुसरी एक गाडी बघायला जायचंय, "तूच चल, फक्त जरा दमानं." टॉर्च चार्जिंगला लावलाय.